सगळे आल्याशिवाय आत सोडत नाहीत

२ मार्च

वन्सं,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. प्रत्यक्षात मी कंबर धरून बसले आहे, कारण इथल्या शिवणशाळेतली कापड कापायची टेबलं माझ्या छातीपर्यंत येतात. मी पायाखाली लाकडी खोका घेऊन उभी राहते. वर्गातल्या बाकीच्या चौदा जणी पहिल्या दिवशी फिदीफिदी हसल्या. मग मी कात्री चालवली आणि सगळ्या बघायला माझ्या टेबलाभोवती गोळा झाल्या.

खोली बरी आहे. पलंग, कपाट, एक शेगडी. खिडकीतून समोरच्या बाईचे वाळत घातलेले कपडे दिसतात. तिच्या निळ्या झग्याची बाही काखेत उसवली आहे आणि ती तसाच घालते. मला झोप लागत नाही हो. पण खाणाखुणांनी ‘बाई, झगा काढून द्या’ असं कसं सांगायचं?

आता मुद्द्याचं. आमच्या मुख्य बाईंनी परवा बोलावून घेतलं. कोर्स एप्रिलअखेर संपतो. पुढे वर्षभर इथेच राहून नव्या मुलींना कापायला शिकवाल का, असं विचारलं. माझं ‘नाही’ अगदी ओठावर आलं होतं. त्या म्हणाल्या, घाई नको, तीस एप्रिलपर्यंत सांगा. आता यात विचार कसला करायचा? तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार? तुम्ही स्वतः घातलेत की ते गालावर पडतात. तेव्हा मी नाहीच म्हणणार आहे. पण तुम्हाला न विचारता म्हटलं, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, म्हणून विचारते.

तुम्ही माझ्या पर्समध्ये कोंबलेल्या पेपरच्या कात्रणातलं डिमसमचं, म्हणजे वाफवलेल्या चिनी पुड्यांचं, हॉटेल सापडलं. माझ्या खोलीपासून वीस मिनिटांवर आहे. एवढं नावाजलेलं, पण बाहेरून बघाल तर सायकल दुरुस्तीचं दुकान वाटेल. रांग मात्र कोपऱ्यापर्यंत. मी नुसतीच बघून आले.

जेवण वेळेवर घ्या.

तुमची वहिनी


११ मार्च

वहिनी,

अनेक आशीर्वाद, आणि एक चापट.

माझ्या थेंबांची काळजी तू करू नकोस. आता मी आडवी होऊन घालते. दहातले चार बरोबर पडतात, तेवढे डोळ्यांना पुरतात. शेजारच्या बायकांच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर रोज दुपारी जाते. सकाळी आठपर्यंत लोळते. घरात कोणी टाचण्या सांडत नाही. इतकी मजेत आहे की तू गेल्याचं मला परवापर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हा माझं नाव पुढे करून ‘नाही’ म्हणायचं नाही. तुला भीती वाटते, म्हणून तू नाही म्हणतेस. लग्न होऊन आलीस त्याला चोवीस वर्षं झाली. त्यात तू कधी एकटीने चहासुद्धा प्यायला गेली नाहीस. दादा होता तेव्हा त्याच्याबरोबर, आणि तो गेल्यापासून अकरा वर्षं माझ्या मागे मागे. म्हणून माझी एक अट आहे. त्या हॉटेलात एकटीने जायचं, टेबलावर बसायचं, पोटभर खायचं आणि मला लिहून कळवायचं. ते जमलं तर वर्षभर राहणंही जमेल. ते जमलं नाही, तर खुशाल परत ये. मी काही बोलणार नाही. (बोलेन.)

फोन का करत नाही, असं पुन्हा विचारू नकोस. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडले. आता कानाला काही लावायचा कंटाळा येतो. शिवाय फोनवर तू नुसतं ‘हो, हो’ करतेस. कागदावर तुझं खोटं बरोबर सापडतं.

तुझी नणंद


२१ मार्च

वन्सं,

झाली तुमची अट पुरी! रविवारी जाऊन आले.

रांगेत तासभर उभी राहिले, मग आत गेले. खिडकीजवळच्या छोट्याशा टेबलावर एकटीच ऐटीत बसले. बांबूच्या टोपल्या एकावर एक रचून आणतात. झाकण काढलं की वाफच वाफ. कोळंबीच्या वाफवलेल्या पुड्या तर अशा, की जिभेवर ठेवताच विरघळतात. पांढरेशुभ्र, मऊ बन खाल्ले. एवढं सगळं खाऊन भाव अगदी परवडणारा. एकूण फारच छान.

तरीही बाईंना मी नाहीच म्हणणार आहे. खाल्लं म्हणजे राहिलंच पाहिजे असं काही नाही. आणि पत्ते? तुम्ही? हरायला लागलात की डाव उधळून देता, तुम्हाला खेळायला घेतं कोण?

समोरच्या बाईची बाही अजून तशीच आहे.

तुमची वहिनी


३० मार्च

वहिनी,

थापाडी कुठली!

पत्र दोनदा वाचलं, आणि मग कपाटातून कात्रणाची झेरॉक्स काढली. हो, मी झेरॉक्स ठेवली आहे. तुला मी आज ओळखते का? ‘जिभेवर ठेवताच विरघळतात’ हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात आहे, आणि त्याच्याखाली लाल रेघ मीच मारलेली आहे. त्याच कात्रणात लिहिलंय, की तिथे छोटी टेबलं मुळी नाहीतच. मोठी गोल टेबलं आहेत, अनोळखी माणसं खेटून बसतात. मग खिडकीजवळ तुझ्यासाठी टेबल काय सुताराने येऊन केलं? आणि तिथले बन भट्टीत भाजतात. वरून तांबूस असतात. तुझे पांढरेशुभ्र कुठून आले?

पण खरं सांगू का, कात्रण नसतं तरी मी पकडलं असतं. अगं, त्या पुड्यांना चुण्या असतात. फोटोतसुद्धा दिसतात. लग्नात सगळे जेवत असताना तू वाढणाऱ्याच्या सदऱ्याची कॉलर वाकडी बसल्याचं माझ्या कानात सांगतेस. समोरच्या बाईची बाही तुला झोपू देत नाही. आणि चुण्यांची पुडी तोंडात घातलीस, पण चुण्या किती, हे मोजलं नाहीस? शक्य तरी आहे का?

तू तिथे गेलीच नाहीस. किंवा गेलीस आणि आत शिरली नाहीस. काय झालं ते लिही. मी रागावणार नाही. रागावलेच आहे, त्यामुळे आणखी रागावणार नाही.

तुझी नणंद


८ एप्रिल

वन्सं,

तुमच्यासारखी नणंद शत्रूलाही मिळू नये.

बरं, सांगते. हसायचं नाही. मी तीन रविवार गेले. तीनही रविवार आत गेले नाही.

तिथे दारात एक जाडशी बाई उभी असते. हातात चिठ्ठ्या, कानाला पेन्सिल. किती माणसं, हे ती बोटांनी विचारते. आपण बोटं दाखवायची, ती चिठ्ठीवर लिहून देते. नंबर आला की ओरडते. आणि त्यांचा एक कडक नियम आहे. सगळे आल्याशिवाय आत सोडत नाहीत. चौघांतले तिघे हजर असतील तरी नाही. दारावर चित्र काढून लावलंय, चार माणसं, त्यातलं एक पुसट, आणि वर मोठी फुली.

तर पहिल्या रविवारी तिने विचारलं, आणि मी दोन बोटं दाखवली.

का, ते विचारू नका. हात आपोआप वर गेला. नंबर आला तेव्हा तिने माझ्या मागे पाहिलं. मीही मागे पाहिलं, जणू कोणी येतंय. तिने खूण केली, बाजूला थांबा. थांबले. लोक आत जात होते, बाहेर येत होते, आतून वाफेचा वास येत होता. आता एकदा दोन सांगितल्यावर एक कसं म्हणायचं? तासाभराने निघाले. पाव आणि केळी घेतली, खोलीवर येऊन खाल्ली.

दुसऱ्या रविवारी ठरवून गेले, की एकच बोट. पेन्सिल समोर आली, आणि पुन्हा दोन. तिसऱ्या रविवारपर्यंत ती बाई मला ओळखायला लागली होती. तिने माझ्यासाठी स्टूल आणलं, चहा दिला. माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तिचा अर्थ मला उशिरा कळला. तिला वाटतंय, कोणीतरी मेला दर रविवारी मला बोलावतो आणि स्वतः येत नाही. बावन्नाव्या वर्षी माझी ही अब्रू!

तुमची अट मी हरले. आता नाही म्हणायला मोकळी झाले.

तुमची वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

यावेळी चिडवत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि मला वाटलं, मीच मूर्ख. अकरा वर्षं झाली, आपण दादाचं नाव घेतो ते त्याच्या घोरण्याची चेष्टा करायला. मला वाटत होतं, तुझं दुःख आता निवलं असेल. आणि तू परक्या गावात, अनोळखी दारात, अजून त्याच्यासाठी जागा धरून उभी राहतेस. मी कधी विचारलंसुद्धा नाही.

मी अट मागे घेते. जायचं नसेल तर जाऊ नकोस. पण वहिनी, तो येणार नाही. हे मी नाही सांगायचं, तर कोण सांगणार? त्याला आवडलं असतं, तू पोटभर खाल्लेलं.

तुझी नणंद


२७ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, आणि मग तुमचा असा काही राग आला की विचारू नका.

अहो, कसले दादा? तुमचे दादा जन्मात कधी रांगेत उभे राहिले होते का? ते असते, तर मी हसत एक बोट दाखवलं असतं, कारण ते घरी पालथे झोपलेले असते. त्यांच्यासाठी रडून झालंय माझं. दुसरं बोट तुमचं होतं, वन्सं. तुमचं!

अकरा वर्षं आपण कुठेही गेलो की मीच बोटं दाखवते. सिनेमाची तिकिटं दोन. बसमध्ये दोन. दाढ माझी दुखते, पण दवाखान्यात नंबर दोन, कारण तुम्हाला म्हणे ‘आलोच आहोत तर’ तपासून घ्यायचं असतं. त्या दारात मी एक बोट वर केलं असतं, तर तुम्हाला घरी टाकून मजा मारायला आले, असं त्या बाईला सांगितल्यासारखं झालं असतं. झालंच आहे तसं. मी तुम्हाला घरी टाकूनच आले आहे. तीन रविवार मला तेच दाखवता येत नव्हतं. आणि तुम्ही खुशाल दादांवर ढकलून मोकळ्या! इतकी हुशार बाई, माझी एकूण एक थाप ओळखते, आणि स्वतःला ओळखत नाही.

त्या रागातच काल तडक गेले. बाईच्या नाकासमोर एक बोट धरलं. तिने बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर थोपटून काहीतरी म्हणाली. भाषा कळली नाही, पण सुरावरून ‘बरं झालं, सुटलीस’ असंच असणार. आणि दंडाला धरून थेट आत! एकट्या माणसाला तिथे रांगच नाही. मोठ्या टेबलावर जिथे फट असेल तिथे बसवतात. मी तीन रविवार उगाच ताटकळले.

टेबलावर सात माणसं. चित्रांचा कागद आणि पेन्सिल देतात, हवं त्यावर खूण करायची. शेजारी एक म्हातारा रंगारी होता, नखांत पांढरा रंग. त्याने माझा कागद ओढून घेतला, माझी एक खूण खोडली आणि भलतीकडेच केली, मला न विचारता. तुमचीच आठवण झाली. पण माणूस बरोबर होता.

चुण्या मोजल्या. तेरा. सगळ्या एका दिशेला वळलेल्या, एका मापाच्या, आणि शेवट कुठे झाला ते सापडत नाही. मी पुडी उलटी करून शिवण शोधत होते, रंगारी बघत होता. कव्हर इतकं पातळ की आतली कोळंबी गुलाबी दिसते, पण फाटत नाही. अशी बारीक चुणी घालणारा माणूस मला माझ्या वर्गात हवा. आणि तुमच्या कात्रणवाल्याने लिहिलंय ते साफ खोटं आहे. काही विरघळत नाही. चावावं लागतं, आणि चावायला फार छान लागतं. बन भाजलेलेच असतात. वरचं कवच कुरकुरीत, आतलं गोडसर सारण इतकं गरम की माझी जीभ पोळली. तरी मी थांबले नाही. चार टोपल्या संपवल्या. बिल इतकं कमी, की मला वाटलं, यांनी चुकून रंगाऱ्याचं मला दिलं.

आणि एक गोष्ट झाली. शेवटची पुडी उरली. आपल्याकडे उरलेला शेवटचा घास तुम्ही माझ्याकडे सारता, मी तुमच्याकडे सारते, तो गार होतो आणि मग कोणीतरी उपकार केल्यासारखं खातं. इथे सारायला कोणी नव्हतं. मी ती गरमगरम खाल्ली. मला मुळीच वाईट वाटलं नाही. त्याचंच बाहेर आल्यावर थोडं वाईट वाटलं.

आज सकाळी बाईंकडे गेले आणि हो म्हणून आले. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं, तर पुन्हा दारात तुमची वाट बघत बसले असते. वर्षभर राहते, वन्सं. शिव्या द्यायच्या असतील तर सविस्तर द्या.

तुमची वहिनी


६ मे

वहिनी,

तेरा चुण्यांपर्यंत मी मोठ्यांदा हसत वाचत होते. रंगाऱ्याला माझी उपमा दिलीस त्याचा हिशेब तू आल्यावर होईल. मग शेवट वाचला आणि खुर्चीवर बसले.

तू म्हणतेस, मी स्वतःला ओळखत नाही. ओळखते गं. चांगली ओळखते, म्हणून आता सगळं लिहिते. मी पहिल्या पत्रापासून तुला राहा राहा म्हणत होते, अट घालत होते, टोमणे मारत होते, ते कशाच्या जोरावर? तू नाही म्हणणार, या भरवशावर. समोरचा येणारच आहे हे पक्कं ठाऊक असलं, की खुशाल जा म्हणायला काय जातं? मला मोठं मनही दाखवायला मिळत होतं आणि तूही मिळत होतीस. तू खोटं लिहिलंस तेव्हा तर मला आनंदच झाला होता. म्हटलं, जमत नाहीये हिला, येईल मे महिन्यात. दादाचं जे लिहिलं, तेही त्यातलंच. त्याच्यासाठी थांबलीस असं मानलं, की मला काही करावं लागत नव्हतं.

पत्त्यांचा अड्डा वगैरे काही नाही. एकदा गेले होते, दुसऱ्याच डावात भांडण झालं. सकाळी आठपर्यंत लोळते, कारण उठून कोणाशी बोलायचं हा प्रश्न असतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. ‘परत ये’ म्हणून. चांगली दोन पानं. गुडघ्यांपासून सुरुवात केली, मधे रक्तदाब आणला, शेवटी एकदा चक्कर आली तेही घातलं. चक्कर खरी होती, पण उपाशी राहिले म्हणून आली होती. ते तेवढं लिहिलं नाही. पत्र इतकं छान जमलं होतं, की तू वाचलं असतंस तर दुसऱ्या दिवशी बॅग भरली असतीस. वाचता वाचता मलाच ते कळलं, आणि मी ते फाडलं. काल आणखी एक लिहिलं, जरा कमी छान. तेही फाडलं. हे तिसरं.

तर ऐक. राहा. वर्षभर राहा, मुलींना नीट शिकव, त्यांच्यावर ओरडू नकोस. मला जड जाईल, ते जाऊ दे. माझं मी बघेन. जेवणाचं वेळेवर बघते आहे, हे खरं लिहिते आहे.

तुझ्याशिवाय मला करमत नाही, वहिनी. चोवीस वर्षं एका घरात राहिलो, पण हे मी तुला कधी बोलले नाही. तू येणार असतीस, तर आजही बोलले नसते. आता तुझं ठरलंय, म्हणून सांगते.

तुझी नणंद